वेगळी चूल, साडेबावीस डॉलर

अमेरिकेतल्या म्हातारपणावर मराठीत वाद सुरू झाला की तो ठरलेल्या दोन वाटांनी जातो. एक बाजू म्हणते, तिकडे मुलं अठराव्या वर्षी घराबाहेर आणि आईबाप सत्तराव्या वर्षी वृद्धाश्रमात. कुटुंब असं काही उरलेलंच नाही. दुसरी बाजू म्हणते, तिकडचे म्हातारे बघा कसे ताठ मानेने जगतात, आपल्यासारखी सुनेच्या हातच्या चहाची वाट बघत बसत नाहीत. भांडण जोरात होतं, पण हा संस्कारांचा प्रश्न आहे हे दोघांनाही मान्य असतं. मला तो पगारपत्रकाचा प्रश्न वाटतो. अमेरिकन म्हातारा मुलाच्या घरातून बाहेर पडला, कारण त्याच्या हातात दरमहा स्वतःचा चेक पडू लागला. त्या व्यवस्थेत दोष आहे, आणि मोठा आहे. तो सापडतो पेन्शन जिथे अपुरी पडते आणि शुश्रूषा सुरू होते त्या फटीत. आपला वाद तिथवर कधी पोहोचतच नाही.

आधी 'सगळे वृद्धाश्रमात' या समजुतीचं बघू. अमेरिकेत पासष्टीच्या वरचे लोक साडेपाच कोटींहून जास्त आहेत. नर्सिंग होममध्ये राहणारे साधारण साडेबारा लाख, म्हणजे शंभरात दोन. (आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की बाळंतपणाचं छोटं खासगी रुग्णालय डोळ्यांपुढे येतं, तिथे त्याचा अर्थ अंथरुणाला खिळलेल्यांची कायमची राहण्याची जागा.) त्यात मदतनीस ठेवलेल्या निवासांतले, म्हणजे असिस्टेड लिव्हिंगमधले लोक मिळवले तरी आकडा शंभरात चारच्या आसपास थांबतो. उरलेले शहाण्णव घरीच असतात. स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा मुलांच्या.

ही वेगळी चूल त्या देशाच्या स्वभावातच होती म्हणावं, तर तसंही नाही. १८५०च्या जनगणनेत पासष्टीपुढच्या दहांपैकी सातजण मुलांसोबत राहत होते. शेती बापाच्या नावावर असे, आणि ती मिळेपर्यंत एक मुलगा घरात टिकून राही. बापाचा तरी मुलावर विश्वास होता का? जुनी मृत्युपत्रं आणि जमिनीची खतं वाचली तर शंका येते. विधवेला कोणती खोली, वर्षाला किती सरपण, किती धान्य, तिच्या गाईला कुणाचा चारा, स्वयंपाकघरातून जाण्यायेण्याचा हक्क, सगळं कलमवार लिहिलेलं असे. आपल्याकडे वाटणी करताना आईच्या पोटगीचा तुकडा वेगळा काढून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. जिथे प्रेमावर भागत होतं तिथे सरपणाचा हिशेब कागदावर कशाला आला असता? पुढे कारखाने आले, मुलाला जमिनीवाचून पगार मिळू लागला आणि बापाच्या हातातला एकुलता एक दोर सुटला. ज्यांना मुलंच नव्हती किंवा होती ती गरीब होती, त्यांच्यासाठी काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, 'पुअर फार्म' नावाचं गरीबखान्याचं ठिकाण असे. तिथे जाणं म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा न उरणं.

या पार्श्वभूमीवर १४ ऑगस्ट १९३५ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सोशल सिक्युरिटी कायद्यावर, म्हणजे पगारातल्या कपातीतून म्हातारपणी पेन्शन देणाऱ्या कायद्यावर, सही केली. हा कायदा केवळ दयाबुद्धीतून आला असं समजू नये. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचे डॉ. फ्रान्सिस टाऊनसेंड यांनी साठीपुढच्या प्रत्येकाला महिन्याला २०० डॉलर द्या, अट अशी की त्याने काम सोडावं आणि ते तीस दिवसांत खर्च करावेत, अशी मागणी करून देशभर म्हाताऱ्यांचे क्लब उभे केले होते. त्या रेट्यापुढे रूझवेल्ट यांची योजना सौम्य वाटावी अशी होती. पगारातून कपात १९३७च्या जानेवारीत सुरू झाली आणि मासिक पेन्शनचा पहिला चेक निघाला ३१ जानेवारी १९४०ला. क्रमांक ००-०००-००१, रक्कम २२ डॉलर ५४ सेंट, घेणारी व्हरमाँटमधल्या लडलो गावची आयडा मे फुलर. तिने तीन वर्षांत एकूण २४ डॉलर ७५ सेंट भरले होते. शंभरी गाठून १९७५ साली ती गेली तोवर तिला २२,८८८ डॉलर ९२ सेंट मिळाले. फायद्याचा हा आकडा विरोधक आणि समर्थक दोघेही मिटक्या मारत सांगतात. मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट: फुलर अविवाहित होती, तिला मूलबाळ नव्हतं. 'मुलांनी सांभाळावं' या तत्त्वात तिची सोय कुठे बसत होती? आणि ज्यांना वाटतं की पेन्शन आली की नाती तुटतात, त्यांनी हेही लक्षात घ्यावं की आयुष्याच्या शेवटाकडची आठ वर्षं ती भाचीकडे राहिली. चेक घेऊन राहिली, एवढाच फरक.

आता मुख्य मुद्दा. मुलांनी बाहेर काढलं की आईबाप आपणहून निघाले, हे ओळखायचं कसं? इतिहासाने त्याची चाचणी आयतीच करून ठेवली आहे. यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्र सरकार पेन्शन देत असे. १८९०च्या कायद्याने ती इतकी सैल झाली की त्या दशकात केंद्रीय खर्चाचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग तिच्यावर जाऊ लागला. अर्थ-इतिहासकार डोरा कोस्टा यांनी या सैनिकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की पेन्शन जितकी जास्त, तितकं वेगळं राहण्याचं प्रमाण जास्त. सोशल सिक्युरिटीनंतर हेच देशभर झालं. १९४० साली वयस्क विधवांपैकी सुमारे ५९ टक्के मुलांकडे राहत होत्या, १९९०पर्यंत ते प्रमाण २० टक्क्यांवर आलं. मुलांचे संस्कार पन्नास वर्षांत इतके ढासळले, आणि नेमके पेन्शनच्या रकमेच्या प्रमाणात ढासळले, असं मानायचं का? सरळ अर्थ असा की सुनेच्या स्वयंपाकघरात पाहुणी म्हणून राहणं त्या बाईलाही नकोच होतं; परवडत नव्हतं म्हणून ती राहत होती. त्याच काळात म्हाताऱ्यांची गरिबी १९५९मधल्या ३५ टक्क्यांवरून दहाच्या आसपास उतरली.

पेन्शन ठरते कशी ते समजून घेतलं की तिच्यात दडलेली कुटुंबाची कल्पनाही दिसते. कामगाराच्या पगारातून ६.२ टक्के, मालकाकडून तेवढेच, तेही २०२५च्या हिशेबाने वर्षाला १,७६,१०० डॉलरपर्यंतच्याच पगारावर. हक्क मिळायला ४० क्रेडिट, म्हणजे निदान दहा वर्षं काम. मग सर्वाधिक कमाईची ३५ वर्षं देशातल्या सरासरी पगाराच्या वाढीप्रमाणे वाढवून मासिक सरासरी काढतात. २०२५च्या आकड्यांनी त्या सरासरीच्या पहिल्या १,२२६ डॉलरचे ९० टक्के, पुढच्या ७,३९१पर्यंतच्या भागाचे ३२ टक्के आणि त्यावरच्याचे फक्त १५ टक्के. म्हणजे ज्याची सरासरी २,००० त्याला सुमारे १,३५१ डॉलर आणि ज्याची ८,००० त्याला सुमारे ३,१६७. चौपट कमावणाऱ्याला अडीचपटही नाही. कामाची वर्षं पस्तीसपेक्षा कमी भरली तर उरलेल्या प्रत्येक वर्षाचा शून्य सरासरीत धरतात. मुलं वाढवायला नोकरी सोडलेल्या बाईला हा शून्य नेमका नडतो. त्यावरचा तोडगा १९३९च्या दुरुस्तीत आला: बायकोला नवऱ्याच्या पेन्शनच्या निम्म्यापर्यंत, विधवेला तेव्हा तीन चतुर्थांश आणि १९७२च्या दुरुस्तीनंतर पूर्ण. घटस्फोट झाला तरी लग्न दहा वर्षं टिकलेलं असेल तर हक्क राहतो, म्हणून साडेनऊ वर्षांनी मोडणाऱ्या लग्नांत वकील आधी कॅलेंडर बघायला सांगतात. हा कायदा कुटुंब ओळखतो, पण ते नवरा-बायको आणि लहान मुलांचं. आणि सुरुवातीला तो सगळ्या नवरा-बायकोंनाही ओळखत नव्हता. शेतमजूर आणि घरकाम करणारे १९३५मध्ये वगळले गेले, म्हणजे दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचा मोठा भाग बाहेर राहिला. ते आत आले १९५० आणि १९५४च्या दुरुस्त्यांनी. अमेरिकन म्हाताऱ्याच्या ताठ मानेचं कौतुक करणाऱ्यांनी या माना आधी मोजाव्यात.

विरोधी बाजूचे तीन मुद्दे मात्र खरोखर वजनदार आहेत.

पहिला, पेन्शन दिवाळखोरीकडे चालली आहे. सोशल सिक्युरिटीच्या विश्वस्तांच्या २०२५च्या अहवालाप्रमाणे निवृत्तांचा राखीव निधी २०३३मध्ये संपेल. हे खरंच आहे. पण निधी संपला म्हणजे पेन्शन संपली असं नव्हे, कारण पगारातली कपात चालूच राहते आणि तिच्यातून ठरलेल्या रकमेच्या ७७ टक्के देता येतात. तेवीस टक्के कापले जाणं ही लहान गोष्ट नाही, पण ते शून्यही नाही. हा प्रसंग १९८३मध्येही येऊन गेला. निधी संपायला काही महिने उरले असताना ग्रीनस्पॅन आयोगाच्या शिफारशींवर रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन आणि प्रतिनिधिगृहाचे डेमोक्रॅट सभापती टिप ओनील यांनी हात मिळवले. निवृत्तीचं वय ६५वरून ६७ केलं, तेही इतकं हळू की तो बदल १९६० साली जन्मलेल्यांपाशी, म्हणजे २०२७मध्ये पूर्ण होतो. तेव्हा देशातल्या पगारांपैकी ९० टक्क्यांवर कपात होत असे, आज ती ८३ टक्क्यांच्या आसपास आहे, कारण वाढ झाली ती मर्यादेच्या वरच्या पगारांत. वर्षाला दहा लाख डॉलर पगार घेणारा मार्चच्या सुरुवातीलाच वर्षभराची कपात भरून मोकळा होतो. उपाय माहीत आहेत. मतदानाला घाबरणं हीच अडचण.

दुसरा मुद्दा जास्त खोल आहे. पेन्शन इतरांच्या मुलांच्या पगारातून येणार असेल, तर स्वतः मुलं वाढवायचा खर्च कोण करील? अमेरिकेचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, आज १.६च्या घरात आहे. हा तर्क मोडीत काढता येणार नाही. पण पेन्शन हेच कारण असेल तर जिथे पेन्शन नाही तिथे मुलं भरपूर हवीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर १.७ निघाला. इथे केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन ऐंशीच्या आतल्यांना महिना २०० रुपये आहे, राज्याची श्रावणबाळ योजना धरून १,५०० होतात आणि भविष्य निर्वाह निधीची किमान पेन्शन १,००० रुपये. यावर विसंबून कुणी दुसरं मूल टाळलं असेल? शाळेची फी, घराचे भाव आणि शिकलेल्या बायकांचा निर्णय दोन्हीकडे सारखेच काम करत आहेत.

तिसरा मुद्दा एकटेपणाचा. पासष्टीपुढच्या अमेरिकनांपैकी सुमारे २८ टक्के घरात एकटे राहतात आणि तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे प्रमुख डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी २०२३मध्ये एकाकीपणाला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हटलं. इथे मी अर्ध्याहून अधिक हार मानतो. चेक दाराशी येतो, माणूस येत नाही. पण या एकटेपणाचा मोठा वाटा पेन्शनपेक्षा नगररचनेच्या नियमांकडे जातो. उपनगरातल्या बहुतेक भागांत एका भूखंडावर एकच घर हा नियम. मागच्या अंगणात आईसाठी दोन खोल्या बांधणं अनेक दशकं बेकायदा होतं. दुकान, दवाखाना, वाचनालय सगळं गाडीच्या अंतरावर. डोळ्यांमुळे गाडी सुटली की त्याच दिवशी जग सुटतं. कॅलिफोर्नियाने २०१६नंतर एकामागून एक कायदे करून अंगणातली ही छोटी घरं सोपी केली. आणि पिढ्या परत एकत्रही येत आहेत: प्यू संशोधन केंद्राच्या हिशेबात अनेक पिढ्यांच्या घरांत राहणारे अमेरिकन १९७१मध्ये ७ टक्के होते, २०२१मध्ये १८ टक्के झाले. त्यात स्थलांतरितांचा वाटा आहे, घरभाड्याचाही.

आता खरी फट. मेडिकेअर, म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्यविमा, लिंडन जॉन्सन यांच्या सहीने १९६५मध्ये आला. तो शस्त्रक्रियेचे पैसे देतो, पण अंघोळ घालण्याचे देत नाही. समजा ऐंशीची बाई न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. मूळ मेडिकेअरच्या नियमाने त्यानंतरच्या पुनर्वसन केंद्राचे पैसे मिळायला रुग्णालयात सलग तीन दिवस 'दाखल' असावं लागतं, आणि घरी सोडल्याचा दिवस धरत नाहीत. खाट तीच, सलाइन तेच, पण कागदावर 'ऑब्झर्वेशन' लिहिलं असेल तर तो दिवस गणतीत येत नाही. म्हणून जाणकार नातेवाईक पहिल्याच सकाळी विचारतात: दाखल केलंय की निरीक्षणाखाली ठेवलंय? अट पुरी झाली तर पहिले २० दिवस पूर्ण खर्च, २१ ते १०० दिवस २०२५च्या दराने रोजचे २०९ डॉलर ५० सेंट रुग्णाचे, आणि १०१व्या दिवशी सगळंच रुग्णाचं. नर्सिंग होमची खोली वर्षाला लाख डॉलरच्या वर जाते. सरासरी पेन्शन महिन्याला दोन हजार डॉलरच्या आसपास. गणित जमतच नाही.

मग येतं मेडिकेड, गरिबांचा कार्यक्रम, जो नर्सिंग होममधल्या दहांपैकी सहांचा खर्च उचलतो. त्यासाठी गरीब व्हावं लागतं. बहुतेक राज्यांत एकट्या माणसाची मोजण्याजोगी मालमत्ता २,००० डॉलरवर यावी लागते, आणि मागच्या साठ महिन्यांतलं प्रत्येक दान तपासतात. तीन वर्षांपूर्वी आजीने नातवाच्या कॉलेजसाठी ६०,००० डॉलर दिले आणि राज्याने नर्सिंग होमचा मासिक दर १०,००० धरला, तर सहा महिने मदत नाही. हे सहा महिने पैसे दिले त्या दिवसापासून मोजत नाहीत. आजी कफल्लक होऊन अर्ज करते तिथून ते सुरू होतात. तोवर नातवाने ते पैसे कॉलेजात भरून संपवलेले असतात. अर्ज मंजूर झाला की पेन्शन संस्थेकडे वळते आणि आजीच्या हातखर्चाला, केंद्राच्या किमान नियमाने, महिना ३० डॉलर उरतात. ती गेल्यावर राज्य तिच्या घरावर वसुलीचा दावा लावतं. एक सूट आहे: ज्या मुलीने किंवा मुलाने आधी दोन वर्षं त्याच घरात राहून इतकी शुश्रूषा केली की आईला संस्थेत हलवणं लांबणीवर पडलं, त्याला घर देता येतं. डॉक्टरचं पत्र, पत्त्याचा पुरावा, रोजच्या कामाची वही ठेवलेली असेल तर. सेवा केली ती खरीच, पण वही ठेवायची कुणाला सुचते?

आणि सेवा होते. 'तिकडे कुणी बघत नाही' म्हणणाऱ्यांनी हे बघावं: निवृत्तांच्या एएआरपी संघटनेच्या अंदाजाने २०२१मध्ये ३.८ कोटी अमेरिकनांनी घरच्यांची जी बिनपगारी शुश्रूषा केली तिचं मोल ६०० अब्ज डॉलर होतं. करणाऱ्यांत बायकाच जास्त. त्यांना कायदा देतो काय? १९९३च्या कौटुंबिक रजेच्या कायद्याने बारा आठवडे बिनपगारी रजा, तीही पन्नास किंवा त्याहून जास्त नोकर असलेल्या ठिकाणी, आणि आईवडील म्हणजे फक्त स्वतःचे. सासूसासरे त्यात बसत नाहीत. मुलांवर सक्ती करायचे जुने कायदेही वीसहून अधिक राज्यांच्या पुस्तकात अजून आहेत. २०१२ साली पेनसिल्व्हेनियाच्या अपील न्यायालयाने एका मुलाला आईच्या सहा महिन्यांच्या बिलाचे सुमारे ९३,००० डॉलर भरायला लावले. आई तोवर ग्रीसला निघून गेली होती, तिला नवरा आणि आणखी दोन मुलंही होती. आपला २००७चा ज्येष्ठ नागरिक कायदा त्याच जातीचा आहे आणि त्याचीही धाव तेवढीच: मुलाकडून महिना दहा हजारांपर्यंत रुपये वसूल होतात, रात्री उठून कूस बदलायला माणूस मिळत नाही.

ही फट बुजवायचे प्रयत्न राजकारणात दोनदा आपटले. १९८८मध्ये मेडिकेअर वाढवली, पण नर्सिंग होमची दीर्घ शुश्रूषा न देता सुखवस्तू म्हाताऱ्यांवर अधिभार लावला. पुढच्या ऑगस्टात शिकागोत चिडलेल्या वृद्धांनी खासदार डॅन रोस्टेनकोव्स्की यांची गाडी अडवली आणि त्याच वर्षाअखेर कायदा मागे गेला. घरी राहणाऱ्या जोडीदाराला कफल्लक होण्यापासून वाचवणारं कलम तेवढं टिकलं. २०१०मध्ये ओबामांच्या आरोग्य कायद्यात ऐच्छिक शुश्रूषा विमा आला, पण ऐच्छिक म्हटल्यावर आजारी तेवढेच येणार हा हिशेब सुटेना, आणि २०१३मध्ये तोही रद्द झाला. खासगी कंपन्यांनी हप्ते इतके वाढवले की विमा ज्यांनी तरुणपणी घेतला त्यांतल्या अनेकांनी म्हातारपणी सोडला. आता वॉशिंग्टन राज्याने पगारातून ०.५८ टक्के सक्तीची कपात सुरू केली आहे, लाभाची मर्यादा आयुष्यभरात ३६,५०० डॉलर. ती ऐच्छिक करण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२४मध्ये मतदारांनीच फेटाळला. लाख डॉलरच्या खर्चापुढे रक्कम तोकडी आहे, पण वाट १९३५चीच आहे.

तिकडे स्थायिक झालेली मराठी घरं या गणिताच्या बरोबर मध्ये उभी आहेत. मुलगा नागरिक झाला, आईबाबांना ग्रीन कार्डवर बोलावलं, संस्कार शाबूत. आणताना त्याने लेखी हमी दिलेली असते की यांना दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के पातळीवर मी सांभाळीन. १९९६च्या कायद्याने पहिली पाच वर्षं केंद्राच्या पैशांवरचं मेडिकेड बहुतेकांना बंद. मेडिकेअरही पाच वर्षं सलग राहिल्यावरच विकत मिळते: ४० क्रेडिट नसतील तर २०२५च्या दराने रुग्णालयाच्या भागाचे ५१८ आणि डॉक्टरच्या भागाचे १८५, म्हणजे दोघांचे मिळून महिन्याला १,४०६ डॉलर. मुलगा तीस वर्षं सोशल सिक्युरिटी भरत आला असला तरी त्यातून आईला काही मिळत नाही. तिचा हक्क कायद्यात आहे, एकाच कलमात. मुलगा तिच्या आधी गेला, ती बासष्टीच्या पुढे असली आणि निदान निम्म्या खर्चासाठी त्याच्यावर अवलंबून होती हे कागदाने सिद्ध झालं, तर त्याच्या पेन्शनचे साडेब्याऐंशी टक्के.